एका चहाएवढा कागद

३ फेब्रुवारी २०२५, लातूर

तीन रविवार घालवून चौदा पानं लिहिली आणि आज अप्पांनी त्यातलं दीड पान ऐकलं. दीडसुद्धा जास्तच सांगतेय.

अप्पा म्हणजे गुरुपादप्पा, आमच्या सोया कंपनीचे मोठे मालक. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून कागद स्वतः वाचत नाहीत. सकाळी दहाला चहा येतो आणि दिवाणजी सिद्धराम समोर उभे राहून एकेक कागद वाचतात. चहा संपला की कागद संपला. मग अप्पा म्हणतात, "ठेवा." ठेवा म्हणजे हिरव्या कपाटात, आणि त्या कपाटातून तीन वर्षांत मी एकही कागद बाहेर आलेला पाहिला नाही. माझा अहवाल 'कंपनीची वाटचाल व सायलोंची रचना' इथून सुरू होत होता. सिद्धराम सायलोच्या उंचीपर्यंत पोचले आणि कप बशीत बसला.

व्यंकट नवव्या पानावर होता.

इथं तरी आधी लिहिते. ११ जानेवारीला दोन नंबरच्या सायलोत, म्हणजे माल साठवायच्या उंच गोल कोठारात, टोळीतला व्यंकट छातीपर्यंत सोयाबीनमध्ये गेला. माल ओलसर असला की भिंतीला थर धरतो, खाली उतरत नाही. मग आठ माणसं वरच्या झाकणातून शिडीनं आत उतरतात आणि मालावर उभं राहून पहारीनं तो थर फोडतात. त्या वेळी खालून माल बाहेर नेणारा पट्टा बंद ठेवायचा, अशी पाटी मीच लावलीय. पण गाडी भरायची घाई असली की पट्टा चालूच असतो आणि पायाखालचा माल सरकतो. त्या दिवशी मुकादमानं बोंबलून पट्टा बंद करायला लावला, व्यंकटच्या काखेत दोर घातला आणि भोवतीचा माल उपसत दीड तासानं त्याला मोकळं केलं. रजिस्टरला नोंद आहे, 'चक्कर आल्याने विश्रांती दिली.' खाली सही माझी. सुरक्षा अधिकारी, लुंबिनी.

मुकादम म्हणजे माझे सख्खे चुलते, लिंबाजी काका. माणसांना आत उतरवणं बंद व्हायला पाहिजे. बस्स, मला एवढंच पाहिजे, आणि तेवढंच मला चौदा पानांत धड सांगता आलं नाही.

६ फेब्रुवारी

संध्याकाळी काकांच्या खोलीवर गेले. कंपनीच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या आहेत, तिथं आठही जण राहतात. सगळे आमच्या गावचे, मुदखेडजवळचे. बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते. तेव्हापासून काका टाकीत उतरतायत (सायलोला ते टाकीच म्हणतात) आणि त्याच टाकीवर माझं नांदेडचं पॉलिटेक्निक झालं.

काकांची एक तऱ्हा आहे. काहीही विचारा, लगेच उत्तर नाही. आधी गुडघा चोळणार, लांब कुठंतरी बघणार, मग बोलणार. जेवलात का विचारलं तरी तेच. लहानपणी मी चिडून निघून जायचे आणि दहा पावलांवर गेल्यावर मागून आवाज यायचा, "जेवलो."

आज विचारलं, "काका, टाकीत उतरायची भीती वाटत नाही?" गुडघा चोळला. व्यंकट पलीकडं कांदा चिरत होता, तो हसायला लागला. बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "वाटती की. पन आत गेल्यावर भ्यायला जागा नसती." व्यंकट म्हणाला, "ताई, मला तर आता सोयाबीनच्या वड्या बी जाईनात घशाखाली." सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि माझ्या खोलीवर येऊन लई रडले.

१२ फेब्रुवारी

आज खरी शाळा झाली. अप्पांचा धाकटा मुलगा मृत्युंजय सर, पुण्याहून शिकून आलेले. त्यांनी माझ्याकडची चौदा पानांची प्रत टेबलावर पसरली आणि म्हणाले, "मॅडम, हा अहवाल आहे. निर्णय घेणाऱ्याला अहवाल नको असतो, शिफारस हवी असते. काय करू ते सांगा."

मग एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं. पहिल्या वाक्यात मागणी. मग मालकाला त्यातून काय मिळणार. मग नाही केलं तर काय जाणार. मग तो काय अडवेल आणि त्यावर आपलं उत्तर. इतिहास नको, सायलोची उंची नको. एक पान, एक मागणी. मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. हे कुणी आधी का नाही सांगितलं? आम्हाला कॉलेजात जितकी पानं तितके मार्क होते.

फक्त एका गोष्टीवर वाद झाला. व्यंकटचा प्रसंग मला पहिल्या ओळीत पाहिजे होता. सर म्हणाले, "काढा. अप्पा घाबरले की निर्णय घेत नाहीत, वकिलाला फोन लावतात. आणि रजिस्टरवर सही कुणाची आहे?"

काढला. माणसांऐवजी थर फोडणारं यंत्र येणं महत्त्वाचं. व्यंकट कागदावर असला काय नि नसला काय, तो सुखरूप राहिला म्हणजे झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार

काकांना घेऊन दिवसभर बसले. त्यांनी सगळं सांगितलं: एक टाकी मोकळी करायला आठ माणसं, चार दिवस, कुठल्या कोपऱ्यात थर जास्त धरतो, ऊन चढल्यावर किती वेळ हात चालतात, गाड्या किती तास उभ्या राहतात. एकवीस वर्षांचं सगळं तोंडपाठ. मी लिहीत होते आणि मनात म्हणत होते, आगं माय, हेच तर पाहिजे होतं! यंत्र कसलं, तर वरच्या झाकणातून साखळ्यांचं एक डोकं आत सोडायचं. ते फिरतं आणि भिंतीचा थर झोडपून काढतं. माणूस बाहेरच उभा. दोन माणसं, एक दिवस.

काकांनी यंत्राचं चित्र दोन-तीनदा उलटसुलट करून बघितलं. मग विचारलं, "आन् मंग आमी?"

"तुम्ही गोदामात. पोत्यांची थप्पी लावायला माणसं लागतातच की."

गुडघा चोळला. "ल्हिलंस का तसं?"

"काका, एका पानात एकच मागणी असते. दोन मागण्या केल्या की मालक सोपी तेवढी धरतो, नाहीतर दोन्ही सोडतो. मी सरांशी बोललेय ना."

सर म्हणाले होते, "बघू ना, त्यात काय." काकांना ते शब्द सांगितले. ते पुष्कळ वेळ बाहेर बघत बसले आणि मग म्हणाले, "बरं."

म्हाताऱ्या माणसांना नव्या गोष्टी पटायला वेळ लागतो.

२० फेब्रुवारी

पान झालं. सुरुवात उतरवून ठेवते, कारण असं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं:

'या उन्हाळ्यापूर्वी सायलो साफ करणारे एक यंत्र घ्यावे. आज आठ माणसे चार दिवसांत जे काम करतात, ते दोन माणसे एका दिवसात करतील. गाड्या खोळंबणार नाहीत आणि कंपनी मजुरांच्या टोळीवर अवलंबून राहणार नाही.'

एकेक शब्द तासला. लॅबमधल्या पोरीला वाचायला लावलं आणि मी समोर चहा पीत बसले, अप्पांच्या चालीनं. चार वेळा वाचून घेतलं, चार कप झाले. चौथ्याला कपात एक घोट उरला. आता पोटात जळजळ होतेय, पण मजा आली.

२४ फेब्रुवारी

झालं! मंजूर झालं!

सिद्धराम वाचत होते, अप्पा फुंकर मारत पीत होते. कागद संपला, कपात चहा होता. अप्पांनी कप खाली ठेवला आणि मान वर केली, हे मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "लिंबाजीला बोलवा."

हे मला माहीत नव्हतं. सिद्धराम नंतर म्हणाले की कागद कुणाचाही असो, अप्पा त्या कामातल्या सगळ्यात जुन्या माणसाला उभं करून विचारतात. कागदावर त्यांचा विश्वास नाही, माणसाच्या शब्दावर आहे. आणि एकदा विचारलं की पुन्हा विचारत नाहीत.

काका आले. डोक्यावर, भुवयांवर सोयाबीनचा भुसा. दारातच उभे.

"लिंबाजी, ह्या यंत्रानं व्हतंय का काम? खरं सांग."

उभ्या उभ्या वाकून गुडघा चोळला. मग म्हणाले, "व्हतंय मालक. पोरगी खोटं लिहीत न्हाई."

अप्पांनी जरा विचार केला. "मग तुझ्या मान्सांचं काय? दुसरं काम हाय का त्यांना?"

"हाव मालक. हाय की. गावाकडं सोय हाय." लगेच, ठणठणीत.

"मग आणा," अप्पा म्हणाले आणि उरलेला घोट संपवला.

गावाकडं सोय केलीय आणि मला पत्ता नाही! काका म्हणजे छुपे रुस्तम. मी आपली गोदामाची फिकीर करत बसले होते. बाहेर आल्यावर पाया पडले तर म्हणाले, "चांगलं वाचलं दिवाणजीनं." अहो, वाचलं दिवाणजींनी, लिहिलं कुणी?

१४ एप्रिल, गावी

जयंतीला आले. यंत्र गेल्या आठवड्यात बसलं. दोन नंबरची टाकी दीड दिवसात मोकळी झाली, एकही माणूस आत न उतरता. मी वर जाळीवर उभी होते. साखळ्यांचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

सकाळी विहारात वंदना झाली, मग निळ्या झेंड्यांखाली माझा सत्कार. माईक हातात देऊन बोल म्हणाले. मी यंत्राचं सांगितलं, एका पानाचं सांगितलं, आपल्या माणसांचा जीव कागदानं वाचतो असंही सांगितलं. टाळ्या पडल्या. व्यंकटची बायको पुनम पोरांना घेऊन पुढंच बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, माझ्याकडं बघत होती. कडेवर पोर होतं म्हणून असेल.

सरजाबाई काकू भाकरी थापताना म्हणाली, "लुंबे, तुज्या वळखीनं नांदेडात कुठं काम हाय का बघ बरं."

"कुणासाठी?"

"आसंच. बघून ठिव."

गावाकडच्या सोयीचं काकांनी काकूलाही सांगितलेलं दिसत नाही. ते सांगत नाहीत तोवर मी कशाला बोलू?

३० एप्रिल

आठजणांना उद्यापासून काम नाही.

मृत्युंजय सरांच्या केबिनमध्ये मी ओरडले. खरंच ओरडले, बाहेर लॅबच्या पोरी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी शांतपणे माझंच पान काढलं. दोन माणसं एका दिवसात. टोळीवर अवलंबून राहणार नाही. "मॅडम, हे तुम्ही लिहिलंय. गोदामाचं यात कुठं आहे?"

"तुम्ही म्हणाला होतात, बघू."

"बघितलं असतं. पण अप्पांनी विचारलं तेव्हा सोय आहे म्हणून तुमच्याच काकांनी सांगितलं. तुम्ही तिथंच उभ्या होतात."

काकांच्या खोलीवर गेले तर बोचकी बांधून झालेली. व्यंकट सळईला वाळत घातलेली चादर काढत होता.

"काका, गावाकडं कसली सोय आहे?"

गुडघा चोळला. मी तिथंच खाली बसले.

"न्हाई काही," काका म्हणाले. "तवा न्हाई म्हनलो आसतो तर अप्पानं कागद ठिवला आसता कपाटात. तुजा पयला कागद व्हता."

माझ्या कागदापायी माणूस मालकाच्या तोंडावर खोटं बोलला, आणि मी त्याला छुपा रुस्तम म्हणून याच वहीत हसून घेतलं. ते पान आत्ता उघडून वाचलं. 'लगेच, ठणठणीत.' मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय आणि मला दिसलं नाही. लाज वाटते.

५ मे

दुसरं पान लिहिलं. आठ माणसांना गोदामात घ्यावे. पहिल्या ओळीत मागणी, मग फायदा, मग नुकसान, मग आक्षेप. पहिल्यापेक्षा चांगलं होतं, शपथेवर सांगते.

सिद्धरामांनी वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीला अप्पा म्हणाले, "ठेवा." कप अर्धा भरलेला होता.

बाहेर सिद्धराम हळू आवाजात म्हणाले, "बाई, अप्पांनी लिंबाजीला विचारलंय. त्यानं शब्द दिलाय. आता तुम्ही म्हणता तो शब्द खोटा होता. मग अप्पांनी तुमचं पहिलं पान तरी खरं का मानावं?"

२ जून

काकांना आणि त्यांच्या माणसांना काम लागलं. नांदेडच्या बाहेर एक जुनी मिल आहे. चार टाक्या. आत उतरून थर फोडायचा. त्यांना दुसरं काय येतं?

फोनवर विचारलं, "दोर बांधता का?" मला वाटलं फोन कटला. मग आवाज आला, "दोर हाय. पन बांदला की कडंला हात पोचत न्हाई. लई आखूड हाय."

इथून नवा दोर घेऊन पाठवला, चाळीस मीटर.

१९ जुलै

व्यंकट गेला.

सकाळी नऊला आत उतरला होता. पट्टा चालू होता. दुपारी टाकीला खालून भोक पाडून काढला.

२१ जुलै, गावी

काल माती झाली. मिलकडून एक माणूस आला होता, तो पुढच्या महिन्यात भरपाईचा कागद करू म्हणाला आणि गाडीतून न उतरताच गेला. माझा दोर मिलच्या ऑफिसात होता, पिशवीतून काढलेलासुद्धा नव्हता. तिथल्या सुपरवायझरनं 'नंतर बघू' म्हणून ठेवून घेतला होता.

पुनमजवळ बसले. तिनं माझा हात धरला नाही की झिडकारला नाही. एवढंच विचारलं, "ताई, तुमच्याकडं मशीन आली म्हनूनच हे तिकडं गेले ना?"

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्या बाईला मी माझी मांडणी समजावून सांगणार होते काय!

६ ऑगस्ट, लातूर

मृत्युंजय सरांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. माझं पान त्यांनी मिलवाल्यांच्या ग्रुपवर नमुना म्हणून टाकलंय. सगळ्यांना आवडलं. आणि नांदेडच्या त्या मिलच्या मालकाला तसंच एक पान पाहिजे, त्यांच्या भागीदारांना पटवायला. सोमवारी मी स्वतः जाऊन मांडायचं.

"तुमच्यासाठी चांगलं आहे मॅडम," सर म्हणाले. "आणि अपघाताचा उल्लेख नको. तुम्हाला माहीतच आहे."

यंत्र बसलं तर तिथं पुन्हा कुणी बुडणार नाही. यंत्र बसलं तर सातजण पुन्हा बोचकी बांधतील आणि तिसरी कुठली तरी टाकी शोधतील. नाही म्हटलं तर उद्या सकाळी ते तिथं उतरणारच आहेत. दिवसभर डोकं याच्यातच फिरून राहिलंय.

८ ऑगस्ट

पान लिहिलं. पहिल्या ओळीत व्यंकटचं नाव, वय आणि गाव. मग मागणी. एक नाही, दोन: यंत्र घ्यावे, आणि सातही माणसांना कायम कामावर घ्यावे. फायदा-नुकसान त्याखाली. पान दीड झालं. शब्द तासून एकावर आणता आलं असतं, आणलं नाही. सरांना दाखवलेलं नाही. सोमवारी नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही.

मग काकांचा फोन आला. माझ्या येण्याची बातमी तिथं पोचलीय.

"लुंबे, हितला मालक बी मला ईचारल म्हनतेत. ह्या कामात सगळ्यात जुना मीच हाय म्हनून. काय सांगू?"

"काका, यंत्रानं काम होतं म्हणून सांगा. आणि माणसांचं विचारलं तर सोय नाही म्हणा. लगेच म्हणा."

मला फोनवर त्यांचा गुडघा दिसत होता.

"आन् त्यानं कागद ठिवला तर?"

"ठेवू द्या."

"बरं."

मागं पट्ट्याची घरघर ऐकू येत होती, कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. पाळी सुरू झाली होती. मी विचारलं, "पट्टा बंद करायला लावता ना उतरताना? आणि तो नवा दोर दिला का त्यांनी? बांधता ना?"

"हाव," काका म्हणाले. "बांदतो की."

लगेच म्हणाले. मी काही बोलायच्या आत फोन ठेवला. तेव्हापासून चार वेळा लावला, उचलत नाहीत.